डुकराच्या किडनीची वाट पाहताना डायलिसिसच्या पेशंटनं आज काय करायचं

डुकरात माणसाची किडनी तयार होते ही बातमी आता गावोगावच्या मोबाईलवर पोचली आहे. घरात डायलिसिसचा पेशंट असला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग आपल्याला केव्हा मिळणार? उत्तर देण्याआधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. बातम्यांत दोन निरनिराळी कामं एकाच नावानं येतात.

पहिलं काम म्हणजे डुकराच्या पोटात माणसाचीच किडनी वाढवणं. चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी 2023 मध्ये डुकराच्या भ्रूणातली, किडनी घडवणारी दोन जनुकं बंद केली. त्या मोकळ्या जागी माणसाच्या मूळ पेशी वाढू दिल्या. 28 दिवसांपर्यंत किडनीचं अगदी सुरुवातीचं रूप तयार झालं आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी माणसाच्या निघाल्या. प्रयोग तिथेच थांबवला. डुकरीण साधारण 114 दिवसांनी विते, त्यामुळे हा रस्ता जेमतेम पाव कापला गेला आहे. शिवाय अडचणी दोन आहेत. अशा किडनीतल्या रक्तवाहिन्या डुकराच्याच राहतात, म्हणून शरीर ती नाकारू शकतं. आणि माणसाच्या थोड्या पेशी भ्रूणाच्या मेंदूकडेही गेलेल्या दिसल्या, हे कुणालाच नको आहे.

दुसरं काम पुढे गेलं आहे: डुकराचीच किडनी, पण जनुकं बदललेली. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर असते. आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे परक्या गोष्टीवर हल्ला करणारी प्रथिनं, आधीच असतात, म्हणून साध्या डुकराची किडनी काही मिनिटांत काळी पडते. अशा तीन साखरांची जनुकं बंद करतात, माणसाची काही जनुकं घालतात, बदललेल्या पेशीचं केंद्रक अंड्यात ठेवून डुकरिणीच्या गर्भाशयात सोडतात. एका वाणात असे 10 बदल आहेत, दुसऱ्यात 69. त्या 69 पैकी 59 फक्त डुकराच्या जनुकांत लपलेला विषाणू निकामी करण्यासाठी. मार्च 2024 मध्ये बोस्टनला जिवंत माणसाला अशी किडनी पहिल्यांदा बसवली. तो पेशंट सुमारे दोन महिन्यांनी वारला. जानेवारी 2025 मध्ये बसवलेली एक किडनी 271 दिवस चालली, मग काढावी लागली आणि पेशंट पुन्हा डायलिसिसवर आला. अमेरिकेत 2025 मध्ये रीतसर चाचण्यांना परवानगी मिळाली. आपल्याकडे हा उपचार आज नाही. कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

गावात फिरणारी डुकरं या कामाची नाहीत. त्यांच्या अंगात जंत असतात, जपानी मेंदूज्वराचा विषाणू त्यांच्यात वाढतो. प्रत्यारोपणाची डुकरं सिझेरियननं जन्माला घालून, गाळलेल्या हवेच्या बंदिस्त गोठ्यात वाढवतात. इतकं करूनही 2022 मध्ये अमेरिकेत बसवलेल्या डुकराच्या हृदयात डुकराचाच एक विषाणू लपून आला होता.

आता आपलं काम. किडनी माणसाची येवो की डुकराची, ती बसवायला पेशंट धडधाकट हवा. ही तयारी आजपासून करता येते.

हाताच्या शिरा वाचवा. किडनीचा आजार वाढतोय असं कळलं त्याच दिवसापासून, ज्या हातानं काम करत नाही त्या हाताला सुई नको, सलाईन नको, बीपीचा पट्टा नको. तिथेच पुढे फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शिरेची जोडणी, करायचा असतो आणि तो वापरायोग्य व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. उशीर झाला की मानेतून नळी टाकावी लागते आणि जंतुसंसर्ग तिथूनच शिरतो.

रक्त चढवणं शक्य तितकं टाळा. प्रत्येक बाटलीबरोबर परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी वाढू शकतात, मग घरचा दाता असूनही क्रॉसमॅच, म्हणजे दात्याच्या पेशी पेशंटच्या रक्ताशी जुळतात का ही तपासणी, जमत नाही. यातल्या काही अँटिबॉडी डुकराच्या पेशींनाही चिकटतात, म्हणून "डुकराची तर मिळेल" हा आधार धरू नका. हिमोग्लोबिन उतरलं तर आधी लोहाचं आणि एरिथ्रोपोएटिनचं (रक्तपेशी वाढवणारं) इंजेक्शन विचारा. जीव धोक्यात असेल तर मात्र रक्त घ्यावंच लागतं.

हिपॅटायटिस बीची लस दुप्पट डोसनं, 0, 1, 2 आणि 6 महिन्यांनी घ्या. कापूस वेचून कंबर दुखली म्हणून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन घेऊ नका. उरलीसुरली लघवी त्यानं बंद होते.

उन्हाळा सगळ्यात कठीण. पारा 45 वर गेला की सगळे म्हणतात पाणी प्या, पण डायलिसिसच्या पेशंटचा हिशेब वेगळा: दिवसभराची लघवी मोजा, त्यात अर्धा लिटर मिळवा, साधारण तेवढंच पाणी, चहा आणि वरणाचं पाणी धरून. घाम फार गेला तर किती वाढवायचं ते डॉक्टर सांगतील. दोन डायलिसिसच्या मधे 50 किलोच्या माणसाचं वजन दोन किलोहून जास्त वाढू नये. लोणचं, पापड, खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी यांनी तहान वाढते. संत्री आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. संत्र्याच्या बागेत राहूनही हे पाळावं लागतं, कारण पोटॅशियम चढलं तर हृदय थांबू शकतं.

नाव नोंदवणं राहून जाऊ देऊ नका. यादी थेट पेशंटला उघडत नाही. विदर्भात प्रत्यारोपणाची परवानगी असलेल्या दवाखान्यातूनच नाव नागपूरच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समितीकडे जातं. नागपूर आणि अमरावतीच्या सुपर स्पेशालिटीत किडनी प्रत्यारोपण होतं, नागपूरच्या एम्समध्येही. आधार, राशनकार्ड, रक्तगट आणि पहिल्या डायलिसिसच्या तारखेचा कागद जपा; क्रम लावताना डायलिसिसवर किती महिने झाले ते पाहतात. महात्मा फुले योजनेत किती खर्च बसतो ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या माणसाकडून, आधीच लिहून घ्या.

घरातला दाता शोधताना बहुतेक वेळा आई किंवा बायकोकडेच बोट जातं. भाऊ, बहीण, वडील, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं हेही कायद्यानं जवळचे नातेवाईक आहेत. अठरा वर्षांवरच्या सगळ्यांचा रक्तगट एकदम तपासा. जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदलही करता येते.

यादीतला फोन रात्री-अपरात्री येतो. एसटी मिळणार नाही, म्हणून गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवा आणि दवाखान्यात तीन नंबर द्या. फोन आला की खाणं-पिणं बंद करून निघा. एका किडनीसाठी एकाहून जास्त जणांना बोलावतात, क्रॉसमॅचचा रिपोर्ट यायला काही तास जातात. तुमचं जुळलं नाही म्हणून परत पाठवलं, तर यादीतला तुमचा क्रम त्यामुळे जात नाही.