शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या मनातली भीती कशी कमी करावी

भडंग, मिसळीवरचं फरसाण, भरलं वांगं, उपवासाची खिचडी. कोल्हापुरात शेंगदाणा टाळून जगायचं म्हणजे रोजची परीक्षा. माझ्या मुलीला ही ॲलर्जी आहे. पथ्य आम्हाला लवकर जमलं, भीतीने मात्र आम्हाला दमवलं.

आधी निदान पक्कं करा. त्वचेची किंवा रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह आली एवढ्यावर ॲलर्जी ठरत नाही. खाल्ल्यावर काय झालं होतं, तेही डॉक्टरांना सांगावं लागतं. शंका उरली तर दवाखान्यात, देखरेखीखाली, थोडं थोडं खाऊ घालून बघतात. घरी हा प्रयोग कधीही करू नका.

ॲड्रेनॅलिन, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीवरचं इंजेक्शन, कसं द्यायचं ते शिकून घ्या आणि वजनाप्रमाणे डोस लिहून घ्या. धाप, घसा आवळणं, गळून जाणं दिसलं की मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन आधी, मग १०८. ॲलर्जीच्या सिरपने खाज थांबते, जीव वाचत नाही.

आता भीती. इथे मी चुकले. घरातून दाणे हद्दपार केले आणि घासागणिक विचारायचे, "काही होतंय का गं?" पोरीने शाळेत डबा खाणंच सोडलं. रंकाळ्यावर भेळेची गाडी दिसली की श्वास रोखून धरायची. दाणा जवळ आला तरी आपण मरू, हे तिला माझ्याच वागण्यातून कळलं होतं.

जीवघेणा त्रास होतो तो बहुतेक वेळा दाणा पोटात गेल्याने. जखम नसलेल्या त्वचेला नुसता लागला तर फार तर तिथे खाज किंवा गांधी येते. हे मुलाला सांगून पटत नाही, अनुभवावं लागतं. डॉक्टरांना विचारून, दमा असेल तर तो आटोक्यात आल्यावरच सुरुवात करा. झाकण घट्ट लावलेली दाण्यांची बरणी टेबलावर ठेवा आणि शेजारी चित्रं काढत बसा. भीती दहापैकी किती, हे मुलालाच विचारा. आकडा निम्म्यावर येईपर्यंत उठू नका. भीती टिपेला असताना उठलात तर ती आणखी वाढते. बरेच दिवस शांत गेले की झाकण उघडा. त्यानंतर बोट लावायचं आणि साबणाने हात धुवायचे. चाखायचं मात्र नाही, कणभरही नाही. दाणे भाजताना, कुटताना मुलाला लांबच ठेवा.

घाई करू नका. मी दुसऱ्याच दिवशी झाकण उघडलं. पोरगी रडत आतल्या खोलीत पळाली आणि पुढचे दोन आठवडे टेबलाजवळ फिरकली नाही. "घाबरू नको" असंही म्हणू नका. "भीती वाटतीय ना? मी इथंच बसलेय," एवढं पुरतं.

भीतीनेही पोटात कालवतं, छाती धडधडते. पण काही खाण्यात आलं असेल आणि शंका असेल, तर ती ॲलर्जीच समजून वागा.

"थोड्यानं काय होतंय" म्हणणाऱ्या पाहुण्यांना सरळ नाही म्हणा.

शाळेत डब्याला वेगळं बसवू देऊ नका. मैत्रिणींबरोबर बसू दे, फक्त वाटून खायचं नाही. खाण्याआधी आणि नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, हे बाईंना आवर्जून सांगा. सॅनिटायझर चोळून दाण्याचा अंश निघत नाही.