डूम आणि स्टोनर मेटल विलंबित कानाने कसे ऐकावे

गोव्यात ज्यांच्या घरी पेटी आहे, त्यांनी डूम मेटलची, म्हणजे जड गिटारींच्या अतिसंथ रॉक संगीताची, पहिली ओळख पेटीवरच करून घ्यावी; स्टोनर मेटल ही त्याचीच भावंड शैली. षड्ज, मग तार षड्ज आणि तिथून खाली तीव्र मध्यम, असे तीन स्वर प्रत्येकावर भरपूर थांबून वाजवावेत. कान पंचमाची वाट पाहत राहतो आणि पंचम येत नाही. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडने १९७० साली आपल्या पहिल्या अल्बमच्या आरंभी, पावसाच्या आणि घंटेच्या आवाजामागून, हेच तीन स्वर वाजवले. या साऱ्या संगीताचे बीज मला त्या अस्वस्थतेत दिसते.

या धाटणीचे अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नयेत. ब्लॅक सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या दोन बोटांची टोके कारखान्यातील अपघातात तुटली होती. तारांचा ताण कमी व्हावा म्हणून ते तारा सैल करू लागले, आणि १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मधील काही गाण्यांत त्या तीन अर्धस्वर खाली उतरल्या. त्यामुळे गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवरून ६९वर येते, बेस तर तिच्याही एक सप्तक खाली असतो, आणि हा खर्ज इवल्याशा स्पीकरला पेलत नाही. चांगले हेडफोन पुरेसे आहेत.

त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील कायस या स्टोनर बँडचा ‘ब्लूज फॉर द रेड सन’ (१९९२) घ्यावा. त्यात गिटारचा आवाज इतका जाड लागतो, कारण बँडचे गिटारवादक जॉश होमी ती बेसच्या अँप्लिफायरमधून वाजवत असत.

मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर यांच्या भूमीतील श्रोत्याला विलंबित लय नवी नाही. स्लीप या बँडची ‘डोपस्मोकर’ ही सुमारे ६३ मिनिटांची एकच रचना त्याच सवयीने ऐकावी: आवर्तन मोजत, सम कुठे येते ते हेरत, आणि प्रत्येक आघातानंतर उरणारी आस शेवटपर्यंत ऐकत. पहिल्या वेळी केवळ ढोलांकडे लक्ष ठेवावे, गिटार आपोआप कानात शिरते.

बेल विच या बँडचा ‘मिरर रीपर’ (२०१७) मात्र आषाढातल्या एखाद्या मोकळ्या संध्याकाळसाठी राखून ठेवावा. ८३ मिनिटांच्या या रचनेत २०१६ साली निवर्तलेल्या बँडच्याच माजी ढोलवादकाचा, आधी ध्वनिमुद्रित झालेला आवाज वापरला आहे. तो ऐकू येईपर्यंत मध्येच उठू नये.