शाळेतली दंततपासणी: सरासरी बरी दिसते तेव्हा या चुका टाळा

बारा ते सोळा वर्षांच्या मुलांमध्ये दातांची कीड सगळ्यांत समान विभागलेली नसते. निम्म्या वर्गाचा एकही दात किडलेला नाही आणि चौघांच्या तोंडात दाढांची चाळण, असं चित्र नेहमीचं. तपासणीतून निसटतात ते नेमके हेच चौघं.

सरासरीवर थांबणं

समजा देवगडकडच्या एका शाळेत ३० मुलं तपासली. किडलेले, भरलेले किंवा किडीमुळे काढलेले कायमचे दात मोजले: १५ मुलांना शून्य, पाचांना एकेक, सहांना दोन-दोन, चौघांना सहा-सहा. एकूण ४१ दात, सरासरी १.४. अहवालात शोभतो असा आकडा. आता नावं उतरत्या क्रमाने लावून वरच्या एक तृतीयांश, म्हणजे १० मुलांचीच सरासरी काढा: ३.६. यालाच सिग्निफिकंट कॅरिज इंडेक्स म्हणतात. स्वीडिश दंततज्ज्ञ डग्लस ब्रॅथॉल यांनी तो २००० साली मांडला आणि १२ वर्षांच्या मुलांत तो ३ च्या खाली असावा, असं लक्ष्य सुचवलं. इथे ४१ पैकी २४ दात एकट्या चौघांचे आहेत. अहवालात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा.

बारा आणि पंधरा वर्षांची मुलं एका सरासरीत घालू नका. दुसरी कायमची दाढ बाराव्या-तेराव्या वर्षी येते, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलात ती दोन-तीन वर्षं जास्त झिजलेली आणि जास्त किडू शकलेली असते.

गैरहजर मुलांना सोडून देणं

दाढ ठणकते म्हणून घरी राहिलेलं मूल यादीत येतच नाही. आंब्याच्या हंगामात बागा राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबांतली मुलं तर बऱ्याचदा पटावरही नसतात. हजेरीपटावरून गैरहजरांची यादी करा आणि आठवड्याभरात पुन्हा जा. नाहीतर आकडा आपोआपच गोंडस होतो.

चुकीचं मोजणं

टोकदार प्रोबने (दात तपासायच्या सळईने) दाढेची खाच टोचून बघायची सवय अजून गेलेली नाही. पांढरट, नुकत्या कमकुवत झालेल्या इनॅमलला (दाताच्या वरच्या कठीण थराला) त्याने कायमचं भोक पडतं. ०.५ मिमी गोल टोकाचा प्रोब हलक्या हाताने फिरवा. त्याआधी दात कापसाने पुसून कोरडा करा. ओल्या दातावर सुरुवातीचा खडूसारखा डाग दिसतच नाही. पावसाळ्यात कोकणातल्या वर्गांत अंधार असतो, तेव्हा हेडलॅम्प हवाच.

मशेरीचा काळा थर म्हणजे कीड नव्हे. वेडेवाकडे दात सरळ करायला काढलेली उपदाढही (सुळ्यामागची लहान दाढ) या हिशेबात धरायची नाही, म्हणून दात का काढला ते विचारा. बाराव्या वर्षी एखादी दुधाची दाढ तोंडात राहिलेली असू शकते. पुढच्या दातांच्या मधल्या रेषेपासून मोजत गेलं तर पाचवा दात दुधाची दाढ असू शकते, सहावा मात्र कायमची दाढ.

सगळ्यांना एकच पत्रक

"गोड खाऊ नका" याने चौघांपैकी एकाचंही भलं होत नाही. खाजं किंवा फणसपोळी जेवणाबरोबर एकदाच खाल्ली तर दातांवर ताण कमी येतो. तीच मधल्या सुट्टीपासून संध्याकाळपर्यंत चघळली, वर बाटलीतलं गोड सरबत घोट-घोट प्यायलं, की तोंड दिवसभर आम्लात राहतं. म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते विचारा.

वरच्या १० मुलांसाठी वेगळी योजना हवी. नुकत्या आलेल्या दाढेच्या खाचा, भोक पडण्याआधीच, सीलंटने (खाचा बुजवणाऱ्या पातळ लेपाने) बंद करा. ५ टक्के सोडियम फ्लोराईड व्हार्निश (दातांवर लावायचा चिकट लेप) दर तीन ते सहा महिन्यांनी लावा. घरी १००० पीपीएम फ्लोराईडची पेस्ट दोन वेळा. थुंकायचं, पण लगेच चूळ भरायची नाही. लहान पोकळी असेल तर हातहत्यारांनी मऊ भाग खरवडून ग्लास आयनोमर (दात भरायचं सिमेंट) भरता येतो, त्याला ड्रिल लागत नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड हे दातावर लावायचं द्रावण कीड थांबवतं पण जागा काळी करतं. या वयात पुढच्या दातांना लावण्याआधी मुलाला आणि पालकांना ते दाखवून विचारा.

'पुढील उपचारासाठी पाठवले' एवढं लिहून रजिस्टर बंद करू नका. शाळेत तपासणीला येणारं सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना उपचाराला पाठवतं, पण तालुक्याला जायचं तर पालकांचा एक दिवसाचा रोज बुडतो. दहा मुलांची नावं, दाताचा क्रमांक आणि ठरलेली तारीख शिक्षकांकडे द्या. तीन महिन्यांनी तोच कागद घेऊन तपासा.