हापूस थेट ग्राहकाला विकताय? या चुका टाळा

वाशीच्या मार्केटला पेट्या रवाना केल्या की बागायतदार मोकळा होतो. पुण्या-नागपूरच्या घरी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन आंबा पाठवताना तसं चालत नाही. पैसे जमा झाले म्हणजे विक्री झाली, असं धरून चालणं ही मूळ चूक. फळ पिकून कापलं जाईपर्यंत जबाबदारी तुमचीच असते, आणि बहुतेक तक्रारी याच मधल्या दिवसांत येतात.

सगळ्यात जास्त गोंधळ पिकण्यावरून होतो. फोटोत पिवळाधमक आंबा आणि पेटीत हिरवा, असं झालं की ग्राहकाला फसवल्यासारखं वाटतं. कुरियरने जाणारा आंबा पूर्ण वाढलेला पण कडकच हवा, तयार फळ वाटेत दबतं. हे ऑर्डर घेतानाच सांगा आणि पेटीत चिठ्ठीही टाका: आंबे बाहेर काढून पेंढ्यात किंवा कागदावर एका थरात मांडा, रोज बघा, वास सुटला आणि हलकं दाबल्यावर मऊ लागला की खा. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका, हे ठळक लिहा. थंडीने हापूस नीट पिकत नाही आणि नाव मात्र बागेचं खराब होतं.

अक्षय्य तृतीयेला भाव चांगला मिळतो म्हणून कोवळी फळं उतरवू नका. वरून पिवळी दिसली तरी ती आंबटच राहतात, सालीला सुरकुत्या पडतात. कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला तर कायद्याने बंदीच आहे. ठरलेल्या मर्यादेत इथिलीन वायू चालतो, पण वापरला असेल तर 'आढीत', म्हणजे पेंढ्यात घालून, 'पिकवलेला' असं लिहू नका.

भाड्याचा हिशेब बरेचजण चुकवतात. कुरियरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्यावर पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी 5000 ने भागतात. 40 × 30 × 20 चा बॉक्स म्हणजे 4.8 किलो, मग आत 250 ग्रॅमची डझनभर, म्हणजे 3 किलोच फळं असोत. म्हणून आधी बॉक्स ठरवा, मग दर. बॉक्सला हवेसाठी भोकं हवीतच, आणि 'एक डझन' एवढंच न लिहिता एका फळाचं वजनही द्या. शुक्रवारी माल सोडू नका, रविवारी तो बंद गोदामात उकडत पडतो.

नावाबाबत काटेकोर राहा. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं आहे. आपली फळं संपली म्हणून बाहेरचा आंबा 'देवगड' म्हणून पाठवणं ही फसवणूकच आहे आणि तिचा फटका खऱ्या देवगडवाल्याला बसतो. माल संपला तर तसं कळवून पैसे परत करा.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बघून पेटी सोडू नका, बँक खात्यात रक्कम दिसू द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. कुणी 'पिन टाका, पैसे येतील' म्हणालं तर फोन ठेवा.

आणि साका. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या फळात गर पांढुरका, स्पंजासारखा निघतो. कापल्याशिवाय तो तुम्हालाही दिसत नाही, ग्राहकालाही नाही. अशा वेळी 'तक्रार 24 तासांत करावी' ही अट मला अन्यायाची वाटते, कारण तेवढ्यात आंबा पिकतच नाही. 24 तासांची मुदत वाटेत फुटलेल्या, दबलेल्या फळांसाठी ठेवा. साक्यासाठी पेटी पोचल्यापासून दहा-बारा दिवस द्या, कापलेल्या फळाचा फोटो मागा आणि वाद न घालता तेवढ्या फळांचे पैसे परत करा.