सुट्या रायफल गोळ्यांची ओळख व्यासावरून

अमेरिकेत घरी काडतुसे भरणाऱ्यांना जुन्या सामानात लेबल नसलेला गोळ्यांचा डबा मिळतो, आणि त्या कोणत्या कॅलिबरच्या (म्हणजे किती व्यासाच्या) हे नुसत्या नजरेने कळत नाही. अशा वेळी मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचे उपकरण) आधी शून्यावर तपासावा, गोळीच्या निमुळत्या टोकावर किंवा बुडाच्या उतारावर नव्हे, तर मधल्या सरळ भागावर हलकेच टेकवावा आणि गोळी थोडी फिरवून पुन्हा मोजावे. साधा कॅलिपर इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत चुकू शकतो, म्हणून शेवटचा निर्णय मायक्रोमीटरवरच सोडावा.

माप ०.२२४, ०.२४३, ०.२६४, ०.२७७, ०.२८४ किंवा ०.३०८ इंच यांपैकी एखाद्याशी जुळते का, ते पाहावे. नावे मात्र फसवी असतात: .२७० विंचेस्टर या काडतुसाची गोळी ०.२७७ इंचाची, तर ७ मिलिमीटरची ०.२८४ इंचाची असते. त्यानंतर प्रत्येक गोळी ग्रेनमध्ये (गोळ्यांच्या वजनाचे छोटे एकक) तोलून वजनाप्रमाणे वेगळी ठेवावी, कारण एकाच डब्यात दोन प्रकार मिसळलेले असू शकतात.

.३०३ ब्रिटिश या काडतुसासाठीची सुमारे ०.३११ इंचाची गोळी ०.३०८ इंचाच्या नळीसाठी कधीही भरू नये, त्याने दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो.