मागचं अंगण, सिटआउट आणि स्विमिंग पूल: या चुका टाळा

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. बंगला उभा राहिलेला असतो, मागे दोन-तीन गुंठे जागा मोकळी असते. "मे महिन्यात नातवंडं येणार आहेत, तोवर मागे पूल, सिटआउट, थोडी लॉन, एवढं उरकून द्या." सोबत व्हॉट्सअॅपवर बालीतल्या कुठल्याशा व्हिलाचे पंधरा फोटो. फोटोत सगळं कोरडं ठणठणीत आणि वेळ कायम संध्याकाळची.

फोनचा दुसरा मोसम जुलैत येतो. तेव्हा फोटोंऐवजी व्हिडिओ येतात आणि मागून कुणीतरी ओरडत असतं. पुणे, मुळशी, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात मी बावीस वर्षं फरसबंदी, बागा आणि पूल करतोय. जुलैतले बहुतेक फोन ठरलेल्या पाच-सात चुकांचे असतात. माणसं हिवाळ्यात बसून हिवाळ्यातली बाग आखतात आणि आपल्याकडे पाऊस पडतो हे विसरतात.

भर पावसात पूल रिकामा करणे

यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण ही चूक सगळ्यात महागात पडते आणि ती करताना आपण साफसफाई करतोय असंच माणसाला वाटत असतं.

कर्जतजवळ नदीच्या अंगाला एक फार्महाऊस आहे. पूल आठ मीटर लांब, चार मीटर रुंद. बाग मी केलेली, पूल दुसऱ्या कुणी. जुलैत चार दिवस पाऊस थांबला नव्हता, वीज येऊन-जाऊन होती, फिल्टरचा पंप बंद होता आणि पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवं झालं होतं. शनिवारी पाहुणे यायचे होते. मालकांनी मुंबईहून केअरटेकरला फोनवर सांगितलं, "सगळं पाणी काढून टाक, घासून घे, नवीन भर." त्याने बिचाऱ्याने रात्री पाणी उपसायचा पंप लावला आणि झोपला.

सकाळी सातला मला फोन. "दादा, पूल वर आलाय."

मला वाटलं पाणी वर आलंय. जाऊन बघतो तर खरोखर पूलच वर आलेला. खोल बाजूचा कोपरा वीतभर उचललेला, काठाची फरशी उखडून तिरपी झालेली, भिंतीतले पाइप तुटलेले. केअरटेकर कठड्याजवळ उकिडवा बसून त्याच्याकडे बघत होता. त्याला वाटत होतं, आपल्या हातून काहीतरी भुताटकी झाली.

भुताटकी नाही, साधा हिशेब आहे. त्या पुलात साधारण ४५ हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे ४५ टन. ते ओझं आत असतं तोवर पूल जागचा हलत नाही. आठ इंची काँक्रीटच्या तळाचं आणि भिंतींचं वजन धरलं तर जेमतेम ३५ टन. आणि भोवतालची जमीन काठोकाठ पाण्याने भरली असेल तर खालून वर ढकलणारा जोर ६० टनांच्या आसपास जातो. रिकामा पूल म्हणजे चिखलात रुतवलेली होडी. होडी तरंगणारच. फायबरचा तयार पूल असेल तर तो याहून लवकर वर येतो, कारण त्याला वजनच नसतं.

आता दोष कुणाचा? केअरटेकरचा नाही. पुलाच्या तळाला जमिनीतलं पाणी आत घेऊन दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला नव्हता, हा बांधणाऱ्याचा दोष. पण बागेचा ढाळ माझा होता, आणि तो मी पुलाच्या दिशेने दिला होता, कारण नदीकडचं दृश्य उघडं राहावं असं सगळ्यांना वाटत होतं. वरच्या लॉनमधलं सगळं पाणी मुरून पुलाच्या कुशीत जात होतं. तेव्हापासून मी दुसऱ्याने बांधलेल्या पुलाच्या शेजारी काम घेतलं तरी आधी त्याच्या तळाची चौकशी करतो.

आता मी काय करतो ते सांगतो. पुलाच्या खाली आणि बाजूने खडीचा थर, त्यातून पाणी बाहेर नेणारा छिद्रांचा पाइप, तळाला व्हॉल्व्ह. हे तिन्ही ठरलेलं. चौथी गोष्ट माझी खोड म्हणा: खोल बाजूला, पुलाच्या तळापेक्षा फूटभर खाली जाईल असा सहा इंची पीव्हीसी पाइप उभा गाडून ठेवतो, वर झाकण. केअरटेकरला दोरीला दगड बांधून देतो. दोरी ओली आली तर पुलाच्या पाण्याला हात लावायचा नाही. इंजिनिअर लोक हसतात. दोरीला बॅटरी लागत नाही आणि ती वाचायला शिक्षण लागत नाही, असं मी त्यांना सांगतो.

मग पाणी हिरवं झालं तर? रिकामं करायचं नाही, आहे तिथेच दुरुस्त करायचं. आधी पीएच ७.२ ते ७.४ वर आणा. मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, क्लोरीनचा मोठा डोस. दुपारी टाकलेलं क्लोरीन उन्हात उडून जातं आणि लोक म्हणतात पावडर बोगस आहे. भिंती ब्रशने घासा, फिल्टर दिवसरात्र चालू ठेवा, बॅकवॉश करत राहा, म्हणजे फिल्टरमधून पाणी उलटं सोडून तो धुवा, तळाशी बसलेला गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर काढा. तीन-चार दिवस लागतात. शनिवारी पाहुणे असतील तर त्यांना भजी द्या, पोहायला पुढच्या महिन्यात बोलवा. जून ते ऑक्टोबर पूल रिकामा करायचा नाही, हे मी आता पंपरूमच्या दारावर रंगाने लिहून ठेवतो.

घराची फरशी आणि सिटआउट एका पातळीत

हा फॅशनचा आजार आहे. "आत-बाहेर एकसंध वाटलं पाहिजे." मोठी सरकती काच, आत जी टाइल तीच बाहेर, मध्ये उंबरा नाही. फोटोला झकास. ३० चौरस मीटरच्या सिटआउटवर एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि आपल्याकडे तो सहज पडतो, तर ते ३ हजार लिटर पाणी झालं. त्याला जायला बाहेर वाट नसेल तर ते सोफ्याखाली जाणार.

हे मी लोकांना इतक्या ठामपणे सांगतो, कारण ही चूक मी स्वतःच्या घरी केली आहे. धंद्याचं दुसरं वर्ष, हात शिवशिवत होते. मागचा ओटा फोडून घरात चालत जाता येईल असं सिटआउट केलं. पहिल्या मोठ्या पावसात रात्री दोन वाजता आई गाद्या उचलून माडीवर नेत होती. मला म्हणाली, "लोकांची अंगणं करतोस ना रे? मग त्यांच्याकडेच राहायला जाऊ." जुन्या वाड्यांना जोतं का होतं, उंबरा का होता, पडवी का होती, हे मला त्या रात्री कळलं.

बाहेरची पातळी आतल्यापेक्षा सहा इंच खाली ठेवा. अगदीच हट्ट असेल तर दाराला लागून जाळीचं गटार घ्या, पण त्यात अडकलेली पानं जूनमध्ये कोण काढणार त्याचं नावही आजच ठरवा. ढाळ घरापासून लांब, ८० ला १ तरी, म्हणजे दहा फुटांना दीड इंच. मिस्त्री "दिलाय साहेब, दिलाय" म्हणतो. मी मान डोलावतो आणि बादलीभर पाणी ओततो. ते कुठे जातं, किती वेळ साचतं, हे सगळ्यांसमोर दिसतं. ही बादली फरशी सुकी मांडलेली असताना ओतत नाही, खालच्या कोब्यावर ओततो, कारण तिथे चूक सुधारता येते. फरशी बसल्यावर बादली ओतून फक्त भांडण होतं.

याच ओघात काळ्या मातीचंही सांगतो. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर थेट बसवलेली फरशी दोन वर्षांत पापडासारखी होते. माती काढा, मुरूम भरा, सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसून घ्या, मग सोलिंग म्हणजे दगडांचा थर, मग काँक्रीट. "एवढं खाली कोण बघतंय?" असं विचारणारा मालक भेटला की मी कामाचा अॅडव्हान्स जरा जास्त मागतो.

दगडाची निवड दुकानात उभं राहून करणे

काळा कडप्पा पुलाच्या काठाला देखणा दिसतो. मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा. पॉलिश केलेला ग्रॅनाइट ओला झाला की साबण. जांभा अलिबागकडे शोभतो, भिंतीला आणि पायऱ्यांच्या बाजूंना लावा, पण चालायच्या वाटेवर पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं आणि दरवर्षी कुणीतरी मनगट मोडून घेतं. मी काठाला फिकट रंगाचा, खरखरीत केलेला दगड वापरतो. नमुना घरी नेतो, दुपारी दोनला उन्हात ठेवतो, पाणी ओततो, चप्पल काढून उभा राहतो. दुकानदाराला हे आवडत नाही.

एका दिवसात बाग

"आम्हाला मोठीच झाडं हवीत." मग आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून ट्रक येतो, बारा-पंधरा फुटांची झाडं क्रेनने उतरतात आणि माळी ती मुळांभोवतीच्या प्लॅस्टिकच्या पोत्यासकट खड्ड्यात टाकतो, कारण मालक खुर्ची टाकून बसलेला असतो. वर्षभराने झाड निम्मं वाळलेलं. पोतं कापा, चिकणमातीचा गोळा कडेने मोकळा करा, आणि शक्य असेल तर पाच फुटांचंच झाड लावा. ते तिसऱ्या वर्षी या पंधरा फुटीला गाठतं, हे मी पैजेवर सांगतो. अजून हरलेलो नाही.

लॉनबद्दलही हीच घाई. विकत आणलेल्या लाल मातीतून लव्हाळ्याच्या गाठी येतात आणि दोन महिन्यांत मेक्सिकन गवताच्या गादीतून त्याचे हिरवे भाले वर येतात. वरून कापून काही होत नाही, खाली गाठींची माळ असते. लव्हाळी पुरातही वाचतात हे आपण शाळेत पाठ केलंय, माळ्याच्या खुरप्यातून तर वाचतातच. मी माती पसरतो, पाणी मारतो आणि तीन आठवडे काहीच लावत नाही. जे उगवेल ते गाठीसकट खणून काढतो, आणि हे दोनदा करतो. या दीड महिन्यात मला रोज फोन येतो, "काम बंद का आहे?" काम चालूच असतं, फक्त माणसं दिसत नसतात.

आंब्याखाली लॉन लावू नका. सावलीत गवत मरतं, तिथे खडी पसरा आणि बाज टाका. नारळाखाली बैठक करू नका, कारण सांगायला नको. उंबर, वड, पिंपळ पुलापासून लांब. पुलाजवळ चाफा चालतो, मुळं शहाणी असतात आणि पानं मोठी असल्याने जाळीने चटकन काढता येतात. पश्चिमेला तोंड करून सिटआउट केलं असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन ते सहा ते तुमचं नाही, उन्हाचं आहे. मांडव घाला, त्यावर मधुमालती चढवा.

आणखी काही, उभ्या उभ्या

बोअरचं पाणी न तपासता पुलात भरू नका. त्यात लोह असेल तर क्लोरीन पडताच पाणी चहासारखं होतं आणि मालक मला विचारतो की मी काय टाकलं.

पंपरूम जमिनीखाली केली असेल तर तिला स्वतःचं गटार आणि उपसायचा पंप हवा. नाहीतर पहिल्याच पावसात मोटर पाण्यात.

आठ फूट खोली कशाला? साडेचार फुटांत सगळे पोहतात. सूर मारायचा असेल तर क्लबात जा.

पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच, आणि मागच्या सगळ्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच. इथे इलेक्ट्रिशियनशी मैत्री ठेवायची नाही.

लहान मुलं असतील तर चार फुटी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक. दृश्य अडतं, मान्य. या एका गोष्टीवर मी काम सोडलेलं आहे.

कमळकुंडात गप्पी मासे सोडा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि तुमची ती हौसेने आणलेली दगडी पात्रं त्याला फार आवडतात. त्यांना तळाला भोक पाडून घ्या.

कर्जतच्या त्या पुलाचं विचारतात लोक. तो पुन्हा जागी बसला नाही. मालकांनी फोडून नवा करायचं ठरवलं होतं, मग खर्चाचा आकडा बघून बेत बदलला. कडा तासून घेतल्या, आत माती भरली, आणि आता त्यात केळी आहेत. केअरटेकर दर वर्षी मला एक घड पाठवतो.