मॉडेल रेल्वेवर ओव्हरहेड वायर बसवताना या चुका टाळा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली देशातील पहिली प्रवासी गाडी वाफेवर धावली होती. आज मात्र ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला रेल्वेचे मॉडेल करायचे झाले, तर त्याच्या डोळ्यांसमोर प्रथम लोकल येते, आणि डोक्यावर तार नसलेली लोकल कितीही सुबक असली तरी अपुरीच वाटते. म्हणून रूळ टाकून झाले की बहुतेक हौशी मंडळी उत्साहाने तार ओढायला घेतात आणि अडचणींना तिथूनच सुरुवात होते. पेंटोग्राफ (गाडीच्या छतावरची, तारेला टेकणारी चौकट) तारेवरून निसटतो, वळणावर खांब डब्यांना घासतात, इंजिन सांध्यावर अडते. ‘ओव्हरहेड वायर तुटल्याने वाहतूक विस्कळीत’ ही पावसाळ्यातली नेहमीची बातमी घरातल्या टेबलावरही खरी ठरते. अशा वेळी तारेलाच वाकवत, ओढत बसण्याकडे कल असतो. वास्तविक बिघाड वर दिसत असला तरी त्याचे मूळ बहुधा खाली, रुळांत किंवा त्यांच्याखालच्या लाकडात असते, आणि तपासणीही खालूनच वर न्यावी. पुढील सर्व मापे एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणातील आहेत.

रूळ समतल नसताना तार ओढणे

आपल्याकडे प्रत्यक्ष तार रुळांपासून सुमारे साडेपाच मीटर उंचीवर असते. मॉडेलमध्ये ही उंची ६३ मिलिमीटर भरते. एचओ रुळांमधील अंतर मात्र फक्त १६.५ मिलिमीटर असते. (भारतीय ब्रॉडगेजचे १,६७६ मिलिमीटर याच प्रमाणात उतरवले तर ते १९.३ मिलिमीटर व्हायला हवे. पण बाजारात मिळणारा रूळ युरोपीय मापाचा असतो आणि बहुतेकांनी ती तडजोड मान्य केलेली आहे.) या दोन आकड्यांचा अर्थ असा की एका बाजूचा रूळ अर्धा मिलिमीटर जरी खाली बसला, तरी तारेच्या उंचीवर पेंटोग्राफ जवळजवळ दोन मिलिमीटर बाजूला सरकतो, आणि एक मिलिमीटरच्या फरकाने तो पावणेचार मिलिमीटरपेक्षाही अधिक सरकतो. रुळांकडे पाहून अर्ध्या मिलिमीटरचा झोल कळत नाही आणि गाडीही रुळांवरून घसरत नाही, त्यामुळे सगळा दोष तारेवर ढकलला जातो.

प्रत्यक्ष रेल्वेतही तार रुळांच्या बरोबर मध्यावरून जात नाही. पेंटोग्राफच्या पट्टीची एकाच जागी झीज होऊ नये म्हणून सरळ मार्गावर ती एका खांबाशी २०० मिलिमीटर डावीकडे, तर पुढच्या खांबाशी तेवढीच उजवीकडे घेतलेली असते. आपल्या प्रमाणात हे २.३ मिलिमीटर होतात. आपल्याकडील पेंटोग्राफची रुंदी १.८ मीटर धरली तर मॉडेलमध्ये ती वीस मिलिमीटरच्या थोडी वर जाते, आणि दोन्ही टोकांची खाली वळलेली शिंगे वगळल्यास मध्यापासून प्रत्येक बाजूला साधारण सहा-सात मिलिमीटरच कामाचे उरतात. नागमोडी तार, कललेला रूळ आणि बोगीची (डब्याखालच्या चाकांच्या गाड्याची) थोडीशी ढिलाई हे सारे एकाच बाजूला एकवटले की ही मर्यादा ओलांडली जाते.

यावर उपाय म्हणून एका उघड्या मालडब्यावर जुना पेंटोग्राफ बसवून चाचणीचा डबा तयार करावा आणि तार ओढण्यापूर्वी तसेच ओढल्यानंतर तो हाताने हळूहळू ढकलत सगळ्या मार्गावरून न्यावा. मोटरचा आवाज आणि वेग नसल्यामुळे नेमके कुठे काय बिनसते ते दिसते. पेंटोग्राफ एका विशिष्ट जागी दरवेळी एकाच बाजूला जात असेल, तर तारेला हात लावण्याआधी त्या जागेवर रुळांवर आडवी छोटी पाणसळ ठेवून पाहावी.

सरळ मार्गाचे अंतर वळणावर वापरणे

दोन खांबांमध्ये तार वळत नाही, सरळच जाते. त्यामुळे वळणावर तिचे तुकडे बहुकोनाच्या बाजूंसारखे पडतात. खांबांमधील अंतराचा वर्ग त्रिज्येच्या आठपटीने भागला, की तार मधल्या जागी रुळांच्या मध्यरेषेपासून किती आत सरकेल ते कळते. तयार रुळांच्या संचात नेहमी आढळणाऱ्या ४३८ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर ३०० मिलिमीटर अंतराने खांब लावले, तर तार जवळपास २६ मिलिमीटर आत जाते. एवढ्या अंतरावर पेंटोग्राफ तिला गाठूच शकत नाही, त्याची उंची कितीही जुळवली तरी. तेच अंतर १५० मिलिमीटर केले की हा फरक ६.४ मिलिमीटरवर येतो, आणि खांबाशी तार मध्यरेषेच्या बाहेर सुमारे तीन मिलिमीटर घेतली, तर उरलेले तीन मिलिमीटर आतल्या बाजूला जातात. वळणावर खांब दाट लावल्याने दृश्य थोडे गर्दीचे होते हे खरे; पण टेबलावरची वळणे मुळातच वास्तवापेक्षा कितीतरी अधिक तीव्र असल्याने ती किंमत मोजावीच लागते.

दुसरी चूक खांब रुळांच्या किती जवळ असावेत याबाबत होते. प्रत्यक्षात रुळांच्या मध्यापासून खांबापर्यंत सुमारे अडीच मीटर अंतर असते, त्याचे मॉडेलमध्ये २९ मिलिमीटर होतात. सरळ मार्गावर ते पुरेसे आहे. वळणावर मात्र लांब डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला आणि टोके बाहेरच्या बाजूला झुकतात. आयसीएफच्या (चेन्नईच्या रेल्वे डबा कारखान्याच्या) नेहमीच्या प्रवासी डब्याचा विचार केला तर ४३८ मिलिमीटरच्या वळणावर हा झुकाव दोन्ही बाजूंना आठ-नऊ मिलिमीटरचा असतो. त्यात डब्याची अर्धी रुंदी, म्हणजे साडेअठरा मिलिमीटरहून थोडी अधिक, मिळवली की खांबापर्यंत जेमतेम दोन मिलिमीटर उरतात. तेवढ्यात एखाद्या डब्याचा दरवाजा, पायरी किंवा आरसा घासणारच. अशा वळणावर खांब ३४-३५ मिलिमीटरवर घ्यावेत, आणि घेण्याआधी तुमच्याकडील सर्वांत लांब डबा तिथून फिरवून त्याच्या बाहेरच्या कडेची रेषा पेन्सिलीने आखून ठेवावी.

बोगद्यात पेंटोग्राफ मोकळा सोडणे

ठाण्याचे मॉडेल म्हटले की कळव्यापलीकडचा पारसिक बोगदा हवाच, असा अनेकांचा आग्रह असतो. बोगद्याच्या आत काही दिसत नाही म्हणून तिथे तार न ओढण्याचा मोह होतो, आणि तो चुकीचा आहे असेही नाही. मात्र तार संपताच स्प्रिंगच्या जोराने पेंटोग्राफ पूर्ण उंचीपर्यंत उघडतो आणि बाहेर पडताना बोगद्याच्या कमानीत किंवा तारेच्या टोकात अडकतो. नाजूक पेंटोग्राफ मोडण्याचे एवढे खात्रीचे कारण दुसरे क्वचितच असेल. आतमध्ये तारेच्याच उंचीवर गुळगुळीत प्लॅस्टिकची किंवा पितळेची पट्टी छतासारखी लावावी आणि तिची दोन्ही टोके किंचित वर वळवावीत. पेंटोग्राफ खालच्या स्थितीत दोऱ्याने बांधून गाडी चालवणे हाही मार्ग आहे, पण मग तार ओढण्याचा अट्टाहास कशासाठी केला, हा प्रश्न उरतो.

उंची बदलताना ती हळूहळू बदलावी. बोगद्याच्या किंवा पुलाच्या अलीकडे तार एकाच टप्प्यात आठ-दहा मिलिमीटर खाली आणली, तर वेगात असलेला पेंटोग्राफ उसळतो; हा उतार किमान तीन-चार खांबांमध्ये विभागावा.

पावसाळ्याचा विचार न करणे

नवी मुंबईत खाडीकडच्या इमारतींमध्ये जून ते सप्टेंबर हवा किती दमट असते ते सांगायला नको. तांब्याची तार उष्णतेने फारशी वाढत नाही: तीन मीटर तारेत पंधरा अंशांच्या फरकाने एक मिलिमीटरही पडत नाही. लाकूड मात्र ओलाव्याने फुगते आणि पोटात वाकते, विशेषतः कडा रंगवल्याविना सोडलेला एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी). मग उन्हाळ्यात घट्ट बसवलेली तार पावसाळ्यात खांबांना एकमेकांकडे खेचते, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की लोंबते. तारेचा ताण वारंवार बदलतो अशी तक्रार असणाऱ्याने आधी पायाची फळी तपासावी. पाणीरोधक प्लायवुड वापरावे, वरची बाजू, खालची बाजू आणि सर्व कडा रंगाने किंवा वॉर्निशने बंद कराव्यात. खऱ्या मार्गावर तारेच्या टोकाशी खांबावर लोंबणारी वजने तिचा ताण सतत सारखा राखतात. मॉडेलमध्ये प्रत्येक लांब तुकड्याचे एक टोक पक्के करून दुसऱ्या टोकाला बारीक स्प्रिंग लावली तरी तेच काम होते.

सोल्डरिंगच्या चुकाही याच ऋतूत उघड होतात. आम्लयुक्त फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून सांध्याला लावायचे द्रव्य) वापरला आणि नंतर पुसला नाही, तर काही आठवड्यांत सांध्याभोवती हिरवट थर चढतो. राळेचा फ्लक्स वापरावा, काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने सांधा स्वच्छ करावा, आणि सोल्डरिंग करताना खालच्या रुळांवर कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी. एका सांध्याला उष्णता देताना शेजारचा सुटू नये म्हणून मध्ये धातूचा चिमटा अडकवावा. शेवटी कान साफ करण्याची कापसाची काडी तारेच्या खालच्या बाजूने फिरवावी. जिथे कापसाचे तंतू अडकतील, तिथेच पेंटोग्राफही अडकणार आहे, तेव्हा तो उंचवटा बारीक कानशीने घासून काढावा.

तारेच्या जाडीबद्दलही एक मोह टाळावा. खऱ्या तारेचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर असतो, म्हणजे मॉडेलमध्ये ०.१४ मिलिमीटर. एवढी बारीक तार पेंटोग्राफच्या दाबाने उचलली जाते आणि हाताच्या एका धक्क्याने तुटते. अर्धा ते ०.७ मिलिमीटर जाडीची तार घ्यावी आणि ती गडद करड्या रंगाने रंगवावी. रंगामुळे ती डोळ्यांना बरीच बारीक भासते. ज्यांना जुन्या मुंबईचे मॉडेल करायचे आहे त्यांना तर ही जाडी सोयीचीच आहे: ३ फेब्रुवारी १९२५ रोजी सुरू झालेली विजेची गाडी १,५०० व्होल्ट डीसीवर चालत असे आणि त्या पद्धतीच्या तारा जाड व भरगच्च होत्या. उपनगरी मार्गांचे २५ हजार व्होल्ट एसीमध्ये रूपांतर २०१६ मध्ये हार्बर मार्गाबरोबर पूर्ण झाले.

तारेत वीज सोडण्याची घाई

तारेतून प्रत्यक्ष वीज घेऊन इंजिन चालवण्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. तरीही दोन रुळांच्या एचओ मार्गावर तार निर्जीव ठेवून वीज रुळांतूनच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या डीसी पद्धतीत एकाच मार्गावर दोन इंजिने स्वतंत्रपणे चालवण्यासाठी तारेचा उपयोग होता. डीसीसीमध्ये (रुळांतून डिजिटल संदेश पाठवून इंजिने चालवण्याच्या पद्धतीत) प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असल्याने ती गरजच उरली नाही. शिवाय दोन रुळांच्या पद्धतीत इंजिन उलट तोंडाने ठेवले की त्याचा परतीचा रूळ, म्हणजे तारेतून आलेली वीज जिथून परत जाते तो रूळ, बदलतो. मेर्कलिन या जर्मन मॉडेल कंपनीच्या तीन रुळांच्या पद्धतीत दोन्ही बाहेरचे रूळ एकाच ध्रुवाचे असल्यामुळे ही अडचण येत नाही.

निर्जीव तारेवरही एक फसवा बिघाड होऊ शकतो. काही इंजिनांमध्ये वीज रुळांतून घ्यायची की तारेतून, हे ठरवणारा छोटा स्विच असतो. विरुद्ध तोंडांच्या दोन इंजिनांत तो चुकून तारेकडे राहिला, तर दोघांच्या मोटरी तारेमार्फत एकामागोमाग जोडल्या जातात आणि डीसीवर दोन्ही गाड्या निम्म्या जोराने रांगतात. एक उचलली की दुसरी थांबते. पेंटोग्राफ थेट एका बाजूच्या चाकांना जोडलेला असेल, तर सरळ शॉर्टसर्किटच होते. म्हणून नवे इंजिन तारेखाली नेण्यापूर्वी पेंटोग्राफ आणि प्रत्येक बाजूची चाके यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून पाहावा. जोडणी आढळली तर पेंटोग्राफची आतली वायर सोडवून तिच्या टोकाला इन्सुलेशन चढवावे.

लेआउट पलंगाखाली सरकवण्यासाठी किंवा भिंतीला टेकवण्यासाठी तुकड्यांत केलेला असेल, तर तार सांध्यावरून अखंड नेऊ नये. प्रत्येक तुकड्याची तार कडेच्या खांबाशी संपवावी, तिचे टोक किंचित वर वळवावे, आणि शेजारच्या तुकड्याची तार काही मिलिमीटर बाजूने समांतर येईल असे पाहावे. खांब फळीत चिकटवण्याऐवजी खालून नटाने कसावेत, कारण तार लागल्यावर रूळ पुसायला हात आत जाईनासा होतो आणि धूळ साचलेल्या ठिकाणी एखादा खांब तात्पुरता काढता येणे फार उपयोगी पडते.